आतली कडी

"घ्या की स्वल्प. ताक हाय, इख न्हाई," असं म्हणत सकवारबाईनं पेला पुढं केला आणि सुप्रीतानं तो नेहमीसारखा हात जोडून परत पाठवला.

"नको अक्का. कंपनीचा रूल आहे."

तीन वर्षं दर मंगळवारी हा खेळ चालला होता. पेल्यात कधी ताक असे, कधी नाचणीची आंबील, उन्हाळ्यात नुसतं माठातलं पाणी. सुप्रीता कशालाच तोंड लावत नसे. बायका मागून बोलायच्या, की बेंगळूरची बाई, हिला आपल्या घरचं चालत नाही. हिच्या चामराजपेटचे मराठे स्वतःला तंजावरच्या राजाचे सोयरे समजतात, असंही कुणीतरी म्हटलं होतं. हे सगळं सुप्रीताच्या कानावर आलं होतं. तिनं ते खोडून काढलं नाही, कारण खरं काय ते सांगण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं तिला सोपं वाटायचं.

खरं एवढंच होतं, की सकाळी घर सोडलं की संध्याकाळी परत जाईपर्यंत तिला जायला जागा नव्हती. दिवसाला चार गावं, चार मीटिंगा, मधे स्कूटरवरून धूळ खात फिरणं. कंपनीतले पुरुष ऑफिसर गाडी कडेला लावून निलगिरीच्या आड जात आणि शीळ घालत परत येत. बाईनं काय करायचं, याचा कंपनीनं कधी विचार केला नव्हता, म्हणून तो सुप्रीतानंच केला होता. बाईनं पाणी प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप कॉफी, तीही घरी वडिलांना, अप्पांना, एकट्यानं कॉफी प्यायला आवडत नाही म्हणून.

आणि दैवाची थट्टा अशी, की तिचं काम शौचालयासाठी कर्ज देण्याचंच होतं. कनकपुरा रोड सोडून आत वळलं की लागणाऱ्या गावांतून गरीब घरांना छोटी छोटी कर्जं द्यायची, खड्डा, भिंती, पत्रा आणि भांडं बसलं की घरच्या बाईला त्याच्यासमोर उभं करून फोटो काढायचा, आणि मग दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा. अरळगुप्पेत पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली काही मराठ्यांची घरं होती, म्हणून ते गाव मराठी बोलणाऱ्या सुप्रीताला मिळालं. घरात एक बंद दार असणं म्हणजे बाईचा मान, हे वाक्य तिनं इतक्या ओसऱ्यांवर म्हटलं होतं, की आता ते म्हणताना तिचं मन दुसरीकडं असायचं. तिच्या स्वतःच्या घराला असं दार नव्हतंच. चामराजपेटच्या त्या चाळवजा वठारात चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता आणि सकाळी बादलीला नंबर लागायचा.

मग गावात एखादीला सांगून का नाही जायचं, असं कुणीही विचारील. तर पहिली गोष्ट म्हणजे बांधलेल्यांपैकी चालू होते किती? सकवारबाईच्या शौचालयात नाचणीची पोती होती. उंदीर लागत नाहीत म्हणून ती त्या जागेवर बेहद्द खूश होती. त्याच गावातल्या हर्षिताच्या घरचा खड्डा पावसात खचला होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ब्रँच मॅनेजर विश्वेश्वरनं पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं, की मेंबरच्या घरचं काही घेतलं की हप्ता मागताना जीभ जड होते. सुप्रीताला ते पटलं होतं. जीभ जड होऊन चालणार नव्हतं. नवऱ्याचं घर सुटलं होतं, अप्पांची नजर गेली होती आणि घरभाडं कुणाची वाट बघत नाही.

पण शरीर कंपनीचे रूल मानत नाही. गेल्या वर्षभरात तिला तीनदा ताप भरला. शेवटच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, की आता हे लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलंय, भरपूर पाणी प्या आणि लागली की जा, रोखून धरू नका. सुप्रीता हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं?

तेव्हापासून तिचा जीव एका खुर्चीत अडकला होता. बनशंकरीच्या ब्रँचमध्ये काउंटरमागची एक जागा रिकामी होणार होती. पगार तेवढाच, पण दिवसभर एका जागी बसायचं आणि मागच्या बाजूला, फायलींच्या कपाटाशेजारी, बायकांसाठी वेगळं बाथरूम. सुप्रीता एकदा कागद द्यायला गेली होती तेव्हा तिनं ते बघून घेतलं होतं. विश्वेश्वरनं सांगितलं होतं, की या महिन्यात तुझ्या एकाही गावातून कमी आलं नाही तर तुझंच नाव पाठवतो. आज महिन्याचा शेवटचा मंगळवार होता; आजची बाकीची गावं पुरी झाली होती, अरळगुप्पे तेवढं राहिलं होतं. तिनं बायकांनाही हात जोडून सांगून ठेवलं होतं, की एवढा महिना मला सांभाळून घ्या, मग मी तिकडं जाईन.

आणि आज गोजराबाई आली नव्हती.

सतरंजीवर नऊ जणी बसल्या होत्या. मीटिंगचा नियम सगळ्यांना पाठ होता: दहाही जणींचा हप्ता आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एखादीनं दिला नाही तर बाकीच्यांनी भरायचा, कारण सगळ्या एकमेकींना जामीन. गोजराबाईचा मागच्या दोन मंगळवारी बाकीच्यांनी भरला होता. आज कुणाचाच हात कनवटीला जात नव्हता. हर्षिताला शिवणाच्या मशीनसाठी नवीन कर्ज हवं होतं, आणि ग्रुपमध्ये एक जरी थकली तरी ते मिळणार नव्हतं. तिचं तान्हं मूल मांडीवर किरकिर करत होतं आणि तीही किरकिर करत होती.

"त्या गोजराअक्काला धरून आणा, न्हाईतर ह्या बाई आज आपल्याला हितंच सैपाक करायला लावतील बघा," हर्षिता म्हणाली.

सुप्रीतानं विश्वेश्वरला फोन लावला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे सांगितलं, की बसून राहा, बायकांनाही बसव, एकीला दुसरीचा राग आला की पैसे निघतात. सुप्रीता बसून राहिली. ऊन ओसरीवरून आत सरकलं. कुणाच्या तरी चुलीवर डाळ होती, कुणाची म्हैस पाण्यावाचून ओरडत होती. उठायची परवानगी कुणालाच नव्हती आणि परवानगी देणारीलाही नव्हती. तिच्या ओटीपोटात सकाळपासून असलेली कळ आता जळजळीवर आली होती. सकाळी डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं म्हणून ती पेलाभर पाणी जास्त प्याली होती, आणि आता त्या पाण्याचा तिला पश्चात्ताप होत होता.

शेवटी हर्षिताची लहान जाऊ बातमी घेऊन आली. गोजराबाई कुठंही गेली नव्हती. ती घरामागं होती. शौचालयात शिरून तिनं आतून कडी लावून घेतली होती, आणि सकाळपासून बाहेर आली नव्हती.

क्षणभर कुणाला हसावं की काय करावं ते कळेना. मग सगळ्याच उठल्या. मीटिंग जिथं मेंबर तिथं, असं म्हणत सकवारबाई गुडघ्यावर हात टेकत पुढं निघाली, आणि तिच्यामागून वरात निघावी तशा बाकीच्या. सुप्रीता पावलं जवळजवळ टाकत सगळ्यांच्या मागून चालली.

गोजराबाईचं घर म्हणजे एक खोली आणि मधे साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडं ती आणि नवरा, पलीकडं मुलगा आणि सून. मागच्या अंगाला शौचालय होतं, निळ्या पत्र्याच्या दाराचं. गावातलं सगळ्यात नीट बांधलेलं. दारासमोरची सिमेंटची पायरीसुद्धा तिनं घोटून घेतली होती. फोटो काढताना सुप्रीतानं तिचं कौतुक केलं होतं.

"गोजराबाई, बाहेर या. सगळ्या खोळंबल्यात," सुप्रीता म्हणाली.

"न्हाई."

"आत काय करताय?"

"बसल्याय."

बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं. सुप्रीताला हसू आलं नाही. गोजराबाईचं काम सुटल्याचं तिला ठाऊक होतं. सर्जापूर रोडच्या एका मोठ्या बिल्डिंगमध्ये ती साफसफाईला जायची. पहाटे गावातून व्हॅन भरून बायका जात. बिल्डिंगनं एजन्सी बदलली आणि जुन्या बायकांना येऊ नका म्हणून कळवलं. सुप्रीतानं दाराशी तोंड नेऊन सांगितलं, की काम गेल्याचं मला समजतं, पण मीटिंगला येऊन सांगायचं की, असं लपून कसं चालेल.

"सांगितलं तर सोडता काय तुम्ही?" आतून आवाज आला.

सुप्रीताला तरी कोण सोडत होतं?

"घरात नवरा कावतो, सून तोंड फिरवती, ओसरीला गेले तर ह्या नऊ जणी माझ्याकडं बघत बसतात," गोजराबाई बोलू लागली. आवाज पत्र्यातून येत असल्यामुळं दबका आणि जरा घोगरा येत होता. "माझ्या घरात आतून कडी लागती अशी ही एकच जागा हाय. म्हणून बसल्याय. तुम्हीच दिलीसा न्हवं?"

"दिली. पण हप्ता..."

"ऐका की. त्या बिल्डिंगीत एकेका घरात तीन-तीन हायती. पांढरी, माझ्या ताटापरीस सोच्छ. ती समदी मी धुतली. पर मला जायचं झालं की खाली, गाड्या लावतात तिथं जायचं, वाचमनकडनं चावी मागून. त्यो हसायचा. मग मी पाणीच पीत न्हवते. सकाळपासनं सांजपर्यंत घोटभर न्हाई. तवा म्हणलं, कर्ज झालं तर हू दे, घरला आपलं एक असू दे."

सुप्रीतानं पत्र्यावर टेकलेला हात तसाच राहू दिला. आपलीच गोष्ट कुणीतरी आतून आपल्याला सांगतंय असं तिला वाटलं, आणि तिला रडू आलं. पण रडायलाही सवड नव्हती. पोटातली कळ आता अशी उठली, की तिला दाराची चौकट धरावी लागली.

"गोजराबाई," ती हळू म्हणाली, "हप्त्याचं राहू दे. मला जायचं आहे. दार उघडा."

मागून हर्षिता मोठ्यानं हसली. युक्ती बरी आहे म्हणाली. बाकीच्याही हसल्या. त्यांचा दोष नव्हता. तीन वर्षांत या बाईला कुणी पाणी पिताना पाहिलं नव्हतं, जाताना पाहिलं नव्हतं. देवळातल्या मूर्तीला लागत नाही तशी हिलाही लागत नसावी, अशीच त्यांची समजूत होती.

"तुमच्या आधीचा सायबबी असाच पाणी मागत आलता," गोजराबाई आतून म्हणाली. "मी दार उघडलं, तर गॅसची टाकी उचलून नेली. मी न्हाई फसायची."

"खरंच सांगते. बनशंकरी आईची शपथ. दोन मिनिटं. मग परत आत बसा, हवं तेवढं बसा."

"शपथबी घालतीया बघा," कुणीतरी म्हणालं.

हर्षितानं मूल जावेकडं दिलं, खालचा एक धोंडा उचलला आणि पुढं होऊन दारावर हाणला. पत्रा असा दणाणला, की झाडावरचे कावळे उडाले. दुसऱ्यांदा हाणला. सुप्रीतानं तिला थांबवायला हात वर केला, चौकट सुटली, आणि मग तिच्या हातात काही उरलं नाही.

आधी तिला नुसतं ऊन ऊन वाटलं. मग सलवार पायाला चिकटली. मग तिनं खाली पाहिलं, तर घोटलेल्या पायरीवरून एक ओघळ बायकांच्या पायांकडं निघाला होता. थांबवायचं म्हटलं तरी थांबेना. इतक्या वर्षांचं सगळं रोखून धरलेलं जणू एकदमच निघालं होतं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि त्यावरच्या फोटोत ती हसत होती. सदतीस वर्षांची बाई, नऊ जणींसमोर, भर दुपारी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला मनापासून वाटलं.

हर्षिताच्या हातातला धोंडा हातातच राहिला.

"फिरा गं," सकवारबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या फिरल्या. तळ्याच्या बांधामागं पहाटे बसायला जाताना वाटेनं एखाद्या माणसाची सायकल आली, की या बायका जशा एकीभोवती पाठमोऱ्या उभ्या राहत, तशाच पदर पसरून उभ्या राहिल्या. त्यांना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मधे सुप्रीता, आणि भोवती नऊ पाठी. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही.

"काय झालं?" गोजराबाईनं आतून विचारलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

तिनं सुप्रीताच्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. तिनं सुप्रीताचा हात धरला, तिला आत घेतलं आणि स्वतः बाहेर आली.

"आतनं कडी लावा," ती म्हणाली.

आत बादलीभर पाणी होतं, तांब्या होता, एका खिळ्याला फणी आणि हातभर आरसा होता. फरशी लखलखीत. सुप्रीतानं कपडे उतरवले, अंगावर पाणी घेतलं, आणि पाण्याचा आवाज होतोय तोवर रडून घेतलं. दाराच्या वरच्या फटीतून एक घडी केलेली साडी, परकर आणि सैलसर झंपर आत आला. बाहेर तिच्या पर्समध्ये फोन वाजत होता. वाजून थांबला, परत वाजला. कुणी त्याला हात लावला नाही.

साडी नेसून झाल्यावरही ती लगेच बाहेर आली नाही. कडीवर हात ठेवून उभी राहिली. कामाच्या दिवशी बंद दाराच्या आत ती आज पहिल्यांदाच उभी होती, आणि बाहेर जावंसं तिला अजिबात वाटत नव्हतं. सकाळपासून गोजराबाई इथं का बसली होती ते तिला आता नीट कळलं. आपणही बसून राहिलो तर काय होईल, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण अप्पांना संध्याकाळची गोळी द्यायची होती. तिनं कडी काढली.

बायका अजून पाठमोऱ्याच होत्या. पायरी कुणीतरी धुऊन टाकली होती.

"झालं का गं?" सकवारबाईनं न वळता विचारलं. तीन वर्षांत तिनं सुप्रीताला पहिल्यांदा गं म्हटलं होतं.

"झालं."

तेव्हा त्या वळल्या. साडीकडं कुणी पाहिलं नाही. गोजराबाई भिंतीला टेकून उभी होती. आता काय करायचं ते करा, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. आणि सगळ्याच सुप्रीताच्या शब्दाची वाट पाहत होत्या, कारण ती सांगेपर्यंत जायचं नाही हा नियम अजून तसाच होता. सुप्रीतानं सवयीनं तोंड उघडलं. हप्ता हा शब्द जिभेवर आलाही होता.

"मीटिंग संपली," ती म्हणाली. "घरी जा सगळ्या."

"आन् हिचं?" हर्षितानं विचारलं.

"हिचं कमी कळवते."

"मग तुमचं बनशंकरी?"

"ते राहिलं."

हर्षितानं मान खाली घातली. आपलं मशीनही राहिलं, हे तिला कळलं होतं. जावेच्या कडेवरचं मूल घेऊन ती निघून गेली. एकेक करत बाकीच्याही गेल्या. गोजराबाईनं ओले कपडे पिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड दोनदा बांधून दिलं, बाहेरून काही दिसू नये म्हणून.

गावाबाहेर येऊन सुप्रीतानं विश्वेश्वरला फोन केला आणि एक कमी असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, की आता माझाही नाइलाज आहे, दुसऱ्या ऑफिसरचं, श्वेताचं नाव पाठवावं लागेल. कारण काय लिहू, असं त्यानं विचारलं. सुप्रीतानं खूप विचार केला, पण कंपनीच्या टॅबमध्ये कारणांची जी यादी येते तिच्यात आजचं कारण बसण्यासारखं नव्हतं. मेंबर भेटली नाही असं लिहा, असं तिनं सांगितलं. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला.

चामराजपेटला पोचेपर्यंत दिवेलागण होत आली होती. अप्पा दारातल्या खुर्चीवर बसले होते. जयसिंगराव टेलर म्हणून एके काळी त्यांचं बाजारात नाव होतं. आता नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. सुप्रीता जवळून आत जाऊ लागली तशी साडीची सळसळ त्यांना ऐकू आली. त्यांनी हात पुढं करून पदर धरला.

"साडी?" ते म्हणाले. "सकाळी तर ड्रेस घालून गेलीस की."

"हो अप्पा. गावात मेंबरनं नेसवली."

अप्पांचा चेहरा उजळला. आपली मुलगी दारोदार हप्ते मागत फिरते, याचं त्यांना आत कुठंतरी वाईट वाटायचं. ते कधी बोलत नसत एवढंच. त्यांनी पदर अंगठा आणि बोटांच्या मधे घेऊन हळूहळू चोळला, काठ चाचपला, एका ठिकाणी रफू लागलं तिथं बोट थांबवलं.

"सुती आहे. जुनी आहे, पण चांगल्या हाताची आहे," ते म्हणाले. "साडी नेसवली म्हणजे मान केला म्हण की तुझा."

"हो," सुप्रीता म्हणाली. "मान केला."

"ठेवून घ्यायची, का परत द्यायची आहे?"

सुप्रीतानं त्यांच्या बोटांतून पदर हलकेच सोडवून घेतला.

"परत द्यायची," ती म्हणाली. "मंगळवारी जायचंच आहे."